गाणी स्पीकरवर, मीटिंग हेडफोनवर: या सोयीमागची वाटचाल

आज एका कॉम्प्युटरवर प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळ्या डिव्हाइसवर पाठवता येतो, गाणी स्पीकरवर आणि मीटिंग हेडफोनवर. सुरुवातीची अडचण मात्र अगदी उलटी होती. दोन प्रोग्रामांना दोन स्पीकर हवे होते असे नाही, एकच स्पीकर दोघांना मिळत नव्हता. लिनक्सच्या ओएसएस (ओपन साउंड सिस्टम) या जुन्या ध्वनिव्यवस्थेत एका प्रोग्रामने साउंड कार्ड उघडले की दुसऱ्याला ‘डिव्हाइस बिझी’ एवढेच उत्तर मिळे. विंडोज ९५ मध्येही बहुतेक कार्डांची हीच तऱ्हा.

विंडोज ९८ मधल्या केमिक्सर या आवाज मिसळणाऱ्या भागाने सगळ्यांचा आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवायला सुरुवात केली आणि भांडण मिटले. पण कोणाचा आवाज कुठे जाईल हे ठरवायचा पर्याय वापरणाऱ्याच्या हाती आला नाही. एखाद्या प्रोग्रामने स्वतःच्या सेटिंगमध्ये तो दिला तर दिला, नाहीतर सगळे डिफॉल्ट डिव्हाइसवर.

२००४ मध्ये कॉम्प्युटरमधल्या ध्वनी-हार्डवेअरसाठी इंटेलचे एचडी ऑडिओ मानक आले. त्यात एका वेळी १५ आउटपुट प्रवाहांची तरतूद होती, म्हणजे मागच्या जॅकवर स्पीकर आणि पुढच्या जॅकवर हेडफोन स्वतंत्र वाजू शकत होते. तरी अनेक मदरबोर्डांवर ड्रायव्हर दोन्ही जॅक एकच डिव्हाइस म्हणून दाखवतो. ते वेगळे करण्याचा पर्याय त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये दडलेला असतो. एकाच जॅकला वाय-केबल (एका जॅकची दोन टोके करणारी केबल) लावून मात्र काही साधत नाही, दोन्हीकडे तोच आवाज जातो.

खरी वाटणी आधी लिनक्सवर झाली. २००७ च्या फेडोरा ८ या लिनक्स आवृत्तीत पल्सऑडिओ हा आवाज सांभाळणारा प्रोग्राम डिफॉल्ट झाला आणि गाणे चालू असतानाच ते दुसऱ्या स्पीकरवर हलवता येऊ लागले. पुढे पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आले, तरी आवाज हलवण्यासाठीचा पावूकंट्रोल हा मिक्सर तोच राहिला: ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये प्रोग्रामसमोर डिव्हाइस निवडायचे. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्येच प्रत्येक ॲपला वेगळा व्हॉल्यूम दिला. वेगळा स्पीकर द्यायला मात्र एप्रिल २०१८ चे विंडोज १० अपडेट उजाडावे लागले. पाया तयार असताना ही अकरा वर्षे का लागावीत, हे कोडेच आहे. मॅकवर बराच काळ साउंडफ्लॉवरसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरवर भिस्त होती.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर असे जाऊन ॲपसमोरचा बाण दाबला की आउटपुट डिव्हाइस निवडता येते. ॲप यादीत दिसत नसेल तर आधी त्यात काहीतरी वाजवायचे. बदल लागू झाला नाही तर ॲप बंद करून पुन्हा उघडायचे. तरीही आवाज हलला नाही, तर ॲपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये दुसरे डिव्हाइस पक्के केलेले असण्याची शक्यता जास्त. ब्राउझरचे सगळे टॅब या यादीत सहसा एकाच नावाखाली येतात, त्यामुळे मीटिंग आणि गाणी वेगळी करायची तर दोन निराळे ब्राउझर वापरणे सोपे पडते.