माकडताप: मेलेलं माकड दिसलं किंवा ताप चढला, तर कुठे आणि काय कळवायचं

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचा हंगाम एकमेकांवर येतात. डिसेंबर ते मे या काळात जंगलात आणि बागायतीत गोचिडी भरपूर असतात, आणि बोंडू म्हणजे काजूची फळं गोळा करणारा माणूस नेमका पाचोळ्यातच वाकलेला असतो. कर्नाटकात १९५७ मध्ये ओळखला गेलेला हा आजार २०१५ मध्ये सत्तरीत आढळला. शंभरात ३ ते ५ रुग्ण दगावतात. पूर्वीची लस आता दिली जात नाही, त्यामुळे सगळी मदार लवकर कळवण्यावर.

कळवायला कोणीही पात्र आहे: बागायतदार, रोजंदार, परराज्यातला कामगार. आधार लागत नाही, रहिवासी दाखलाही नाही.

माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, ओढून बाजूला टाकू नका, परस्पर पुरूही नका. मेलेल्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि आसपास पसरतात. जवळच्या आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला फोन करा. आयएचआयपी या साथरोगांच्या नोंदीच्या केंद्रीय पोर्टलवरही सामान्य माणसाला नोंद करता येते, पण इथे फोनच बरा. वाडा म्हणजे गावातली वस्ती, बागेची ओळख, कधी दिसलं आणि मोबाईलवरचं लोकेशन, एवढं द्या. त्या जागेभोवती सुमारे ५० मीटरच्या परिघात कीटकनाशक टाकतात. ‘ओहोळाच्या पलीकडे कुठेतरी’ म्हटलं की पथकाचा अर्धा दिवस शोधण्यातच जातो.

अचानक चढलेला ताप, डोकं फुटेल अशी दुखी, अंगदुखी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अशी लक्षणं असतील तर वाळपईचं सामाजिक आरोग्य केंद्र किंवा जवळचं प्राथमिक केंद्र गाठा. चालवत नसेल तर १०८. ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. आधीचे केसपेपर आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत ठेवा, ओळखपत्र असेल तर तेही.

रुग्ण हमखास चुकतो तो तारखेत. ‘आठवडा झाला’ असं मोघम नको. ताप सुरू झाला तो दिवस सांगा. पहिल्या काही दिवसांत विषाणू पीसीआर या थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीत सापडतो, नंतर प्रतिपिंडांची म्हणजे आयजीएम चाचणी करावी लागते. तारीख चुकली तर चाचणीही चुकीची निवडली जाते, आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. दुसरी चूक, जंगलात गेल्याचं न सांगणं. मग मलेरिया नाही, डेंग्यू नाही, एवढ्यावर माणूस घरी परततो. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ३ ते ८ दिवस जातात, तेव्हा मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या बागेत होता ते आठवून सांगा.

रक्ताचा नमुना तिहेरी वेष्टनात, बर्फाच्या पाकिटांसह २ ते ८ अंशांत जातो. नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तर तो बाद होऊ शकतो; घरी एक नाव, कार्डावर दुसरं असं असेल तर कार्डावरचंच द्या.

ताप उतरून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा चढला, मान आखडली किंवा बोलण्यात घोळ होऊ लागला, तर तो याच आजाराचा दुसरा टप्पा असू शकतो. तेव्हा नवा केसपेपर काढताना जुना दाखवा.