गाडीच्या आतल्या ॲक्सेसरीज स्वतः बसवणं

कंपनीतून गाडी येताना जे तिच्यात नसतं ते नंतर बाहेरून विकत आणायचं आणि मालकाने स्वतःच्या हाताने केबिनमध्ये बसवायचं, असं या कामाचं स्वरूप असतं. डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम म्हणजे हल्ली ज्याला सगळे हेड युनिट म्हणतात ते, पायाजवळच्या एलईडी लाईट, आर्मरेस्ट, सीट कव्हर, फ्लोअर मॅट, फोन होल्डर, जादाचा यूएसबी चार्जर, रिव्हर्स कॅमेऱ्याचा स्क्रीन हे सगळं यात येतं. बॉनेटखालचं किंवा बॉडीच्या बाहेरचं काम यात धरत नाहीत, जरी रिव्हर्स कॅमेऱ्यासारख्या वस्तूची वायर शेवटी डिकीपर्यंत जातेच.

प्रत्यक्षात वस्तू जागेवर लावायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो ट्रिम म्हणजे आतलं प्लास्टिकचं आवरण न तोडता काढण्यात, वायर लपवून नेण्यात, करंट कुठून घ्यायचा ते ठरवण्यात आणि सगळं परत होतं तसं बसवण्यात. आणि फिटिंग चांगलं झालंय की नाही हे बघायची माझ्या मते सगळ्यात खात्रीची कसोटी ही, की उद्या ती वस्तू काढून टाकली तर गाडी कंपनीतून आली होती तशीच दिसली पाहिजे आणि तशीच चालली पाहिजे. भोक पाडलं नाही, कंपनीची वायर कापली नाही, क्लिप तुटली नाही, तर बहुतेक चुका नंतर दुरुस्त करता येतात. खाली जे काही आहे ते सगळं याच हिशोबाने आहे.

थोडा इतिहास

बाहेरून आणून गाडीत बसवलेली पहिली मोठी वस्तू म्हणजे रेडिओ. अमेरिकेत गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला नावाने कार रेडिओ आणला आणि तो गाडीत बसवणं हे तेव्हा चांगलंच मोठं काम होतं, स्पार्क प्लगमुळे आवाजात येणारी खरखर दाबायला सप्रेसर लावावे लागायचे. अमेरिकन गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्याला ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या आणि आज जगभर कारमध्ये जी ॲक्सेसरी मिळते ती याच १२ व्होल्टवर चालते. पुढे डीआयएन या जर्मन मानकाच्या मापाचा रेडिओचा खाचा रूढ झाला, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच, उंची दुप्पट केली की झाला डबल डिन. हे माप आयएसओ ७७३६ म्हणून आंतरराष्ट्रीय झालं आणि त्यामुळेच एका कंपनीची गाडी नि दुसऱ्या कंपनीचा स्टीरिओ असा संसार इतकी वर्षं चालला.

नव्या गाड्यांमध्ये ही सोय कमी होत चाललीये, कारण स्क्रीन डॅशबोर्डचाच भाग झालाय, एसीची बटणं त्याच्यातच, आणि बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन बसमुळे, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या युनिटांना जोडणाऱ्या सामायिक वायरींमुळे, बऱ्याच गोष्टी साध्या वायरने चालत नाहीत तर मेसेजने चालतात. स्टीअरिंगवरची बटणं नव्या हेड युनिटला ओळखता यावीत यासाठी म्हणूनच वेगळा ॲडॉप्टर लागतो. मूळ कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा जोड, कापून वायरी पिळून जोडायचा मोह होतो पण त्या गाडीसाठीची तयार हार्नेस म्हणजे वायरींची जुडी मिळते, एका बाजूला गाडीचा कपलर दुसऱ्या बाजूला स्टीरिओचा, तीच घ्यावी. कापलेला कपलर पुन्हा कधीच पहिल्यासारखा होत नाही.

ट्रिम काढणं

आतलं प्लास्टिक बहुतेक ठिकाणी स्क्रूने नाही तर क्लिपांनी धरलेलं असतं, आणि जिथे स्क्रू असतो तिथे तो छोट्या झाकणाखाली किंवा एअरबॅग असं लिहिलेल्या टिकलीमागे लपवलेला असतो. म्हणून पॅनल ओढून येत नसेल तर जोर वाढवण्याआधी थांबून स्क्रू शोधायचा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की कडेला पांढरा ओरखडा येतो तो जात नाही, त्यासाठी नायलॉनच्या पट्ट्यांचा सेट मिळतो तो वापरायचा, आणि क्लिपेच्या अगदी जवळ घालून उचलायचं, मध्येच लांबून ओढलं की क्लिप राहते नि तिची बैठक तुटते. थंडीत प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, गाडी थोडी उन्हात उभी करा किंवा हेअर ड्रायरने दुरूनच गरम करा, फरक लगेच कळतो.

आणि जादाच्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात. काही क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, खास करून ए पिलरच्या, म्हणजे समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांच्या. त्यांना आत एक पट्टी असते जी एअरबॅग उघडताना पिलरचं कव्हर उडून अंगावर येऊ नये म्हणून धरून ठेवते, ती ताणली किंवा तुटली तर नवीनच घालायची, फेविक्विकने चिकटवलेला पिलर हा अपघातात कसा वागेल ते कुणीच सांगू शकत नाही.

एअरबॅगचा रस्ता

या सगळ्या कामात जिथे खरंच इजा होऊ शकते ती जागा ही, त्यामुळे इथे घाई नकोच. समोरची एअरबॅग साधारण ३० मिलिसेकंदात फुगते, बाजूची त्याहून लवकर, आणि तिच्या वाटेत जे काही असेल ते ती माणसाकडे फेकते. डॅशबोर्डवर प्रवाशासमोर एअरबॅगचं झाकण असतं, त्याच्यावर फोन होल्डर, शोभेची मूर्ती, घड्याळ, परफ्यूमची बाटली काहीच चिकटवू नये. स्टीअरिंगच्या मधोमध चिकटवायचे चमकणारे लोगो मिळतात तेही नकोत.

ज्या गाडीला कर्टन एअरबॅग आहेत तिच्यात छताच्या कडेने आणि बऱ्याचदा ए पिलरच्या आतून एक लांब गुंडाळी गेलेली असते. डॅशकॅमची वायर खाली आणताना ती एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही, आणि एअरबॅगला झिप टायने बांधायची नाही, पिलरमध्ये आधीच कंपनीची वायरिंग गेलेली असते तिला बांधायची. पिलर उघडायची हिंमत नसेल तर वायर दरवाज्याच्या रबर बीडिंगखालून खाली आणता येते, जरा कमी नीटनेटकं दिसतं पण एअरबॅगला हात लागत नाही, नवख्याने खुशाल हाच रस्ता घ्यावा.

एअरबॅगच्या वायरी आणि कपलर सहसा पिवळे असतात. सीटखाली पिवळा कपलर दिसला की तो साईड एअरबॅगचा किंवा बेल्ट प्रीटेन्शनरचा, म्हणजे अपघातात बेल्ट घट्ट ओढणाऱ्या यंत्रणेचा, आहे असं धरून चालायचं. सीट काढायचीच वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, मग काही मिनिटं थांबायचं कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा चार्ज साठलेला असतो, किती थांबायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. कपलर काढलेला असताना इग्निशन ऑन केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो नंतर स्कॅनर लावल्याशिवाय बहुधा जात नाही. या वायरीवर टेस्टर किंवा मल्टिमीटर लावू नका, मधूनच दुसरी वायर जोडून करंट घेऊ नका.

सीट कव्हरचंही तेच. सीटमध्ये साईड एअरबॅग असेल तर ती पाठीच्या कडेची शिवण फाडून बाहेर येते, वरून घट्ट कव्हर घातलं तर ती अडते किंवा भलतीकडे वळते. अशा सीटसाठी त्या बाजूची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली कव्हर मिळतात, आणि डावी उजवी अदलाबदल झाली तर त्या शिवणीचा काही उपयोग नाही.

करंट कुठून घ्यायचा

सगळ्यात सोपं म्हणजे १२ व्होल्टच्या सॉकेटमधून, पण मग वायर लोंबकळते आणि सॉकेट अडतं, म्हणून लोक फ्यूज बॉक्सकडे वळतात. त्यासाठी फ्यूज टॅप नावाची छोटी वस्तू मिळते, जुना फ्यूज काढून तिथे टॅप घालायचा, त्यात जुना फ्यूज परत आणि त्याच्यावर नव्या वस्तूचा वेगळा फ्यूज. कंपनीची एकही वायर न सोलता काम होतं आणि टॅप उपटला की गाडी पूर्ववत, म्हणून मला ही पद्धत बाकी सगळ्यांपेक्षा पटते. फ्यूजचे आकार मात्र वेगवेगळे असतात, नेहमीचा, मिनी, लो प्रोफाईल मिनी, मायक्रो, त्यामुळे आधी आपला फ्यूज काढून बघून मगच टॅप आणायचा.

फ्यूज बॉक्समध्ये काही जागा कायम चालू असतात, काही चावी ॲक्सेसरीवर आली की, काही इग्निशनवर. हे मल्टिमीटरने बघायचं, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर, काळा प्रोब बॉडीच्या उघड्या लोखंडी बोल्टवर आणि लाल फ्यूजच्या डोक्यावरच्या छोट्या खिडकीत. डॅशकॅमच्या हार्डवायर किटला बहुतेक तीन वायरी असतात, एक कायम चालूला, एक ॲक्सेसरीला आणि काळी अर्थिंगला, पण लाल पिवळीपैकी कुठली कशाला हे किटप्रमाणे बदलतं, म्हणून सोबतचा कागद वाचूनच जोडा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा ईसीयू म्हणजे कॉम्प्युटर, स्टीअरिंग यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही, रेडिओ, सॉकेट, आतला दिवा, मागचा वायपर असले बिनधोक फ्यूज निवडायचे.

टॅप उलटसुलट बसतो आणि दोन्ही बाजूंनी वस्तू चालू होते, इथेच लोक फसतात. फ्यूज काढल्यावर दोन खाचांपैकी ज्या खाचेत मीटर १२ व्होल्ट दाखवतो ती सप्लायची बाजू, आणि टॅपचा जो पाय दोन्ही फ्यूजना पुरवठा करतो तो त्या खाचेत गेला पाहिजे. तो पाय ओळखायला टॅपमधला जुना फ्यूज काढून फक्त नवा ठेवायचा आणि मीटर कंटिन्यूइटीवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली आहेत का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर, लावून बघायचं, ज्या पायाचा नव्या वायरशी संबंध दिसतो तोच सप्लायचा. उलटा बसला तर नव्या वस्तूचा करंटही जुन्या फ्यूजमधून जातो आणि लोड वाढला की जुनाच फ्यूज उडतो.

फ्यूज वस्तूपेक्षाही वायरीला वाचवण्यासाठी असतो, ती तापून पेटू नये म्हणून. त्यामुळे उडतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. रंगावरून अँपियर कळतात, बदामी ५, तपकिरी ७.५, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पारदर्शक २५ आणि हिरवा ३०. डॅशकॅमला किंवा दोन एलईडी पट्ट्यांना ५ सुद्धा भरपूर होतात.

अर्थिंगसाठी रंग लावलेला किंवा प्लास्टिकमध्ये गेलेला बोल्ट चालत नाही, बॉडीच्या लोखंडात गेलेला हवा, सीट बेल्टचा किंवा एअरबॅग युनिटचा बोल्ट मात्र कधीच सैल करू नये. वायर नुसती पिळून बोल्टखाली दाबण्यापेक्षा थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा दाबून लावा. हेड युनिटमधून इंजिनच्या वेगाबरोबर वर खाली होणारी कुईकुई येत असेल तर आधी अर्थिंगच तपासावं.

पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही डॅशकॅम चालू राहणं, याबद्दल थोडा हिशोब करून बघण्यासारखा आहे. कॅमेरा ०.३ अँपियर खात असेल तर २४ तासांत सात अँपियर अवरच्या वर गेले, म्हणजे ४५ अँपियर अवरची नवी बॅटरीसुद्धा तीन दिवस गाडी न हलवता निम्मी होते, जुनी त्याआधीच मान टाकते. भरलेली बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि निम्मी झालेली साधारण १२.२, म्हणून किटवर कट-ऑफची, म्हणजे किती व्होल्टला कॅमेऱ्याचा करंट बंद व्हावा याची, सेटिंग असेल तर ती १२.२ च्या खाली नेऊ नये, रोज थोडं अंतर चालणाऱ्या गाडीत तर अजून वरच ठेवावी.

बिनवायरच्या वस्तू

यांना सोपं समजतात पण फ्लोअर मॅटमुळे झालेला घोळ मोठा आहे. २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या रिकॉल केल्या त्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकू शकतो म्हणून. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट कंपनीच्या हुकमध्ये अडकलीच पाहिजे, मॅटवर मॅट टाकायची नाही, आणि बसवल्यावर तीनही किंवा दोन्ही पेडल पूर्ण खालपर्यंत दाबून सोडून बघायची.

आर्मरेस्टमध्ये दोन प्रकार, एक कप होल्डरमध्ये किंवा कन्सोलच्या खाचेत अडकणारा, दुसरा कन्सोलला भोकं पाडून स्क्रूने कसायचा. दुसरा जास्त पक्का असतो हे खरंय पण भोकाखाली वायरिंग जात असू शकते आणि भोक परत बुजत नाही. कुठलाही घ्या, हँडब्रेक पूर्ण वर येतो का आणि बेल्टचं बकल हाताला सहज लागतं का हे आधी बघा, विकत घेण्याआधीच मापं घ्या.

सैल वस्तू तर नकोतच. ताशी ५० किलोमीटरवर गाडी आदळून थांबली तर डॅशबोर्डवरची सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते, तो वेग म्हणजे १० मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येतो तेवढा.

चिकटवणं आणि परत काढणं

होल्डर, कॅमेरा, एलईडी पट्टी हे सगळं दुहेरी टेपवर असतं आणि पडतं ते टेप वाईट म्हणून क्वचितच, पृष्ठभाग पुसलेला नसतो म्हणून. डॅशबोर्डला पॉलिश मारलेली असेल तर त्यावर काहीच धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, जोरात दाबा आणि मग लगेच वस्तू टांगू नका. थ्रीएमच्या व्हीएचबीसारख्या ॲक्रिलिक टेपला साध्या तापमानात पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, २४ तासांत बरीच येते, आणि १० अंशांच्या खाली चिकटवायला जाऊच नये.

पॅनल शेवटचं दाबून बसवण्याआधी इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का ते बघा, नवी वस्तू चालू बंद करून बघा, आणि वायर जिथे प्लास्टिकला टेकते तिथे कापडी टेप गुंडाळा नाहीतर खराब रस्त्यावर टकटक ऐकू येते आणि ती कुठून येते ते शोधायला परत सगळं उघडावं लागतं.

काढायची वेळ आली तर टेपवाली वस्तू उचकटायची नाही, हेअर ड्रायरने कोमट करून मागून मासेमारीचा दोरा किंवा डेंटल फ्लॉस करवतीसारखा फिरवायचा, आणि उरलेला चिकटा अंगठ्याने गोळा करत काढायचा, डॅशबोर्डवर थिनर लावला तर वरचा थर विरघळतो. काढलेले मूळ स्क्रू, क्लिपा, जुना स्टीरिओ, त्याची फ्रेम हे पिशवीत घालून कुठून काढलं ते लिहून ठेवलं असेल तर हे सगळं तासाभरात होतं.