आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि त्याचा कीटकसंग्रह

आल्फ्रेड रसेल वॉलेस (८ जानेवारी १८२३ – ७ नोव्हेंबर १९१३) हा ब्रिटिश निसर्ग अभ्यासक. चार वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात आणि आठ वर्षं मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर राहून त्यानं किडे, फुलपाखरं, पक्षी गोळा केले, विकले आणि त्यावरच पोट भरलं. डार्विनसोबत नैसर्गिक निवडीचा (परिस्थितीत जे टिकतात त्यांचीच पुढची पिढी वाढते आणि अशानं जाती बदलत जातात, हा) सिद्धांत मांडणारा म्हणून पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येऊन जातं. पण सिद्धांताच्या आधी त्याच्या किड्यांच्या पेट्या येतात, आणि त्या पेट्यांत किड्याखाली टोचलेली ती बारकी चिठ्ठी, हा किडा नेमका कुठं सापडला हे सांगणारी, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मराठवाड्यात बीएस्सी ॲग्रीच्या पोरापोरींना कीटकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला किड्यांची पेटी करावी लागते, त्यांनी तरी हा माणूस नीट समजून घ्यायलाच पाहिजे.

वॉलेसचं घर पैशानं खचलेलं. चौदाव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली, मग थोरल्या भावाबरोबर जमीन मोजणीचं काम. कॉलेजचं तोंड बघितलं नाही. १८४४ साली लेस्टरला शाळेत मास्तरकी करताना हेन्री वॉल्टर बेट्स भेटला, त्याला भुंगेऱ्यांचा नाद होता, आणि गावाच्या आसपास दहा मैलांत हजारभर जातीचे भुंगेरे असू शकतात हे ऐकून वॉलेस चाटच पडला. १८४८ साली दोघं ब्राझीलला गेले. खर्चाला पैसे नव्हते, तर लंडनमधला एजंट सॅम्युअल स्टीव्हन्स तिकडून आलेले नमुने म्युझियमना आणि हौशी लोकांना विकणार आणि त्यातून हे दोघं राहणार असा हिशोब. श्रीमंत घरातला डार्विन जहाजावर पाहुणा म्हणून फिरला, वॉलेसला मात्र पुढच्या महिन्याचं तांदूळ-मीठ किड्यांतूनच काढायचं होतं, हा फरक लक्षात ठेवला की बाकी सगळं समजायला सोपं जातं.

ॲमेझॉनची अखेर फार वाईट झाली. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट १८५१ मध्ये पिवळ्या तापानं तिथंच गेला. १८५२ मध्ये परत येताना 'हेलन' जहाजाला भर समुद्रात आग लागली आणि त्याचा स्वतःचा खास संग्रह, वह्या, सगळं जळालं, हाती राहिली थोडी चित्रं. दहा दिवस उघड्या होडीत काढले तेव्हा दुसरं जहाज भेटलं. स्टीव्हन्सनं मालाचा २०० पौंडांचा विमा काढून ठेवला होता म्हणून निदान रस्त्यावर यायची वेळ आली नाही.

घरी आल्यावर त्याच वर्षी त्यानं ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला, आणि त्यात एक तक्रार केली जी मला त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली वाटते. म्युझियममधल्या नमुन्यांवर नुसतं 'ब्राझील' किंवा 'ॲमेझॉन नदी' असं लिहिलेलं असतं, नदीच्या या काठाचा की त्या काठाचा हे कुणी लिहीतच नाही, आणि इथं तर नदी ओलांडली की माकडाची जात बदलते! मोजणीदाराच्या हाताखाली वाढलेला माणूस, त्याला हद्द दिसणारच.

१८५४ ला तो सिंगापूरला उतरला आणि १८६२ पर्यंत बेटाबेटांवर फिरत राहिला. या आठ वर्षांत १,२५,६६० नमुने जमले, त्यातले ८३,२०० नुसते भुंगेरे. बोर्निओतल्या सारावाकमध्ये सिमुंजोन नदीजवळ कोळशाच्या खाणीसाठी जंगल तोडणं चालू होतं, पडलेली झाडं, कुजणारी सालं, भुशाचे ढीग, म्हणजे भुंगेऱ्यांची चंगळच. एका दिवसात ७६ जाती मिळाल्या, त्यातल्या ३४ त्यानं आधी कधी न पाहिलेल्या. दायाक (बोर्निओतले मूळ रहिवासी) आणि चिनी मजुरांना तो एका किड्याला एक सेंट देई, त्यामुळं लोक बांबूच्या नळ्यांत किडे भरून आणून द्यायचे.

पतंगांचं तर त्यानं चक्क गणित मांडून ठेवलंय. सारावाकचा राजा जेम्स ब्रूक याच्या डोंगरावरच्या बंगलीत, पांढऱ्या भिंतींच्या व्हरांड्यात दिवा लावून तो रात्री बसायचा. २६ रात्रींत १,३८६ पतंग मिळाले, पण त्यातले ८०० च्या वर फक्त चार रात्रींतले, आणि त्या चारही रात्री गच्च अंधाराच्या आणि धो धो पावसाच्या. चांदण्या रात्री दिव्याजवळ फार कुणी येत नाही. आपल्याकडं मृगाच्या तोंडावर पहिला वळीव पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे (पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर तुटून पडतात आणि शेतकरी प्रकाश सापळे लावतात, ते याच समजुतीवर. तेव्हा पेटीसाठी किडे गोळा करायचे असतील तर पाऊस उघडायची वाट बघू नका, पावसाळी रात्री लाईटखाली जा.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. न्यू गिनीत डोरे इथं बारक्या काळ्या मुंग्यांनी छपरातच वारूळ केलं, टेबलावर चिकटवलेले किडे त्याच्या डोळ्यांदेखत उचकटून न्यायच्या, आणि वाळत घातलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवर माश्या अंडी घालायच्या. पायाला जखमा, ताप, हे तर कायमचंच. हे सगळं त्यानं एकट्यानं केलं असंही नाही. चार्ल्स ॲलन हा लंडनहून सोबत आणलेला पोरगा होता, आणि सारावाकचा अली, जो स्वयंपाकाला लागला आणि पुढं वॉलेसचा सगळ्यात भरवशाचा माणूस झाला. वॉलेसच्या नावानं ओळखला जाणारा स्वर्गीय पक्षी, सेमिओप्टेरा वॉलेसी, तो मोलुक्का बेटांपैकी (आजच्या इंडोनेशियात) बाचान बेटावर अलीनंच मारून आणला होता. अलीचं नाव याहून कितीतरी जास्त लोकांना माहीत असायला हवं होतं.

बाचानवरचीच फुलपाखराची गोष्ट. पहिल्याच फेरीत त्याला हाताच्या टप्प्याबाहेर पानावर बसलेली एक भलीमोठी मादी दिसली आणि नंतर दोन महिने नुसती हुलकावणी. १८५९ च्या जानेवारीत त्याला मुसांड्याचं झुडूप सापडलं, आपल्याकडं बंगल्यांच्या बागेत लावतात त्याच्याच कुळातलं, त्यावर ही फुलपाखरं घिरट्या घालत होती. आधी मादी जाळ्यात आली, दुसऱ्या दिवशी नर. मखमली काळा आणि निखाऱ्यासारखा नारिंगी. जाळ्यातून काढून पंख उघडले तेव्हा काळीज धडधडायला लागलं, रक्त डोक्यात चढलं, चक्कर येईल असं वाटलं आणि उरलेला दिवस डोकं दुखत राहिलं, असं त्यानं स्वतः लिहिलंय. ऑर्निथोप्टेरा क्रीसस हे त्याचं शास्त्रीय नाव.

आता चिठ्ठीकडं येऊ. तो एकेका जातीचे ढिगानं नमुने घ्यायचा, कारण जादा नमुने विकले जायचे. पण ढीग समोर असला की एकाच जातीत सुद्धा कुणी मोठा, कुणी फिका, कुणी ठिपक्यांचा हे दिसायला लागतं, आणि प्रत्येकाखाली बेटाचं नाव (सारावाकसाठी नुसतं 'सार') लिहिलेली छोटी गोल चिठ्ठी असली की कुठल्या बेटावर काय बदलतं तेही कळतं. १८५६ मध्ये बालीहून लोंबोकला गेल्यावर, मधे समुद्र जेमतेम पस्तीसेक किलोमीटर, पक्षीच बदलले. लोंबोकला ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवा होते, बालीत ते नव्हतेच. आशियाचे प्राणी आणि ऑस्ट्रेलियाकडचे प्राणी यांच्यातली ही हद्द त्यानं पुढं नकाशावर काढली, १८६८ मध्ये इंग्रज प्राणीशास्त्रज्ञ टी. एच. हक्सलीनं तिला 'वॉलेस रेषा' म्हटलं. खोल समुद्रामुळं दोन्हीकडची जमीन कधी जोडलीच गेली नव्हती हे त्याचं कारण.

१८५८ च्या फेब्रुवारीत मोलुक्का बेटांवर थंडीतापानं पडलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली, त्यानं लिहून ती थेट डार्विनला पाठवली. १ जुलै १८५८ ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेत, दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, वॉलेसला न विचारता, कारण तो हजारो मैल लांब होता. त्यानं कधी कुरकुर केली नाही. परत आल्यावर पैशाची चणचण राहिलीच, १८८१ ला डार्विनच्या खटपटीनं वर्षाला २०० पौंड पेन्शन मिळाली.

आपल्याकडच्या पेटीत (परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं, तिथं आणि संलग्न कॉलेजांत ही पेटी करतात) भुंगेऱ्याला पिन उजव्या पंखकवचातून, फुलपाखराला छातीच्या मधोमध, कोपऱ्यात डांबरगोळ्या, हे सगळे नीट करतात. चिठ्ठीवर मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांखाली एकच गाव नि एकच तारीख. तसं करू नका. अमेरिकेतली लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर नोंदली गेली आणि नंतर आपल्या मक्यात घुसली, ती कुठून कशी सरकली हे कळलं ते गाव, तारीख आणि पीक कुणीतरी खरं लिहिलं म्हणून.

वॉलेसनं बाचानवर मिळवलेली एक काळी मधमाशी, मेगाकाईल प्लूटो, मादी जवळपास ३८ मिलिमीटर लांब, जगातली सगळ्यात मोठी. नंतर शंभरावर वर्षं ती कुणाला दिसलीच नाही, संपली असंच धरलं होतं. १९८१ मध्ये ॲडम मेसर या अभ्यासकाला ती त्याच भागातल्या बेटांवर झाडावरच्या वाळवीच्या वारुळात घरटं करून राहिलेली सापडली, आणि २०१९ मध्ये उत्तर मोलुक्कातच तिचे जिवंतपणीचे पहिले फोटो निघाले.