रुमालावरचा काळा डाग

हवा कोरडी पडून धूळ उडायला लागली की फोनवर एक निरोप हमखास फिरतो: ‘नाक शिंकरल्यावर रुमाल काळा होतो? म्हणजे तुमची फुप्फुसं काळी पडली!’ खाली फुप्फुसं ‘डिटॉक्स’ करणाऱ्या कसल्याशा थेंबांची जाहिरात. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातला एक इंजिनिअर. अहो, रुमालावरची धूळ फुप्फुसात गेलीच नाही, म्हणून तर ती रुमालावर आहे!

आपला केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. 10 मायक्रॉनपेक्षा मोठे धूलिकण बहुतेक नाकातच अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांपर्यंत जातात आणि 2.5 मायक्रॉनच्या आतले थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोचू शकतात. नाकात कण अडकतो तो शेंबडात. शेंबडाला आपण उगाच नाकं मुरडतो. तो एक सरकता पट्टा आहे, आणि पट्टा ओढणारी यंत्रणा मला शरीरातल्या कुठल्याही अवयवापेक्षा जास्त आवडते.

नाकाच्या आतल्या प्रत्येक केसाळ पेशीवर सुमारे 200 सूक्ष्म तंतू असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. मी आपलं सिलिया म्हणतो. लांबी जेमतेम 6-7 मायक्रॉन आणि सेकंदाला दहा-पंधरा फटके. सिलिया उभ्या असतात पातळ, पाणीदार थरात. त्यावर तरंगतो चिकट शेंबूड. फटका मारताना सिलिया ताठ होते, तिचं टोक वरच्या थराला टेकतं आणि त्याला घशाकडे ढकलतं. परतताना ती वाकून पाण्यातूनच मागे येते, म्हणजे पट्टा उलटा ओढला जात नाही. शेजारच्या सिलिया क्षणभर मागून फटका मारतात, त्यामुळे उभ्या पिकातून वारा जावा तशी लाट धावते. वेग मिनिटाला सुमारे 6 मिलिमीटर. तो मोजायची युक्तीही गमतीची आहे: डॉक्टर नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवतात आणि घड्याळ लावतात. न शिंकता, न हुंगता बसायचं. पट्टा ठीक असेल तर वीस मिनिटांच्या आत घसा गोड लागतो.

सिलियाच्या आत परिघावर सूक्ष्मनलिकांच्या 9 जोड्या आणि मध्ये 2 सुट्या नलिका असतात. डायनीन नावाचं प्रथिन एका जोडीला धरून शेजारच्या जोडीवर पावलं टाकतं. जोड्या बुडाशी बांधलेल्या असल्यामुळे त्या घसरून सुटत नाहीत, वाकतात, हाच फटका. 1976 साली स्वीडनच्या ब्योर्न आफझेलियस यांनी दाखवलं, की काही रुग्णांत डायनीनचे हे हातच नसतात. त्यांना सायनस आणि छातीचा त्रास कायमचा, आणि निम्म्या जणांचं हृदय उजवीकडे! कारण गर्भात डावं-उजवं ठरवायलाही सिलियाच लागतात. असो, धुळीकडे वळू.

हा पट्टा बंद पाडतो तो कोरडेपणा. 30 अंश तापमानाच्या, 20 टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला जेमतेम 6 ग्रॅम बाष्प असतं. फुप्फुसात पोचेपर्यंत ते 44 ग्रॅम व्हावं लागतं. फरक भरून काढतं नाक आणि त्यामागचा श्वासमार्ग. दिवसाला 10 घनमीटर हवा धरली तर हे पाणी दोन पेल्यांच्या आसपास जातं. उच्छ्वासात गार नाकावर त्यातलं थोडं परत जमतं. तोंडाने श्वास घेणाऱ्याची ती बचतही नाही. पाणीदार थर आटला की शेंबूड सिलियांवर बसतो आणि चिखलात वल्ही रुतावीत तशा त्या रुततात. मग खपली धरते, ती आपण नखाने काढतो आणि घोळणा फुटतो. तेव्हा मान मागे टाकू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, मध्येच सोडून बघू नका.

तहानेपुरतं पाणी प्यावंच, पण ढोसलेलं जादा पाणी नाकात नाही, लघवीत जातं. नाकाला ओल वरून द्यावी: सलाइनचे थेंब, किंवा लिटरला 9 ग्रॅम मीठ घालून उकळून कोमट केलेलं पाणी. नळाचं पाणी तसंच वापरू नका. त्यातला एखादा अमीबा क्वचित का होईना, नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. ओठ चाटू नका, ते आणखी फुटतात.

रुमाल बांधून बारीक कण फारसे अडत नाहीत. एन95 अडवतो, तोही कडेने हवा शिरत नसेल तर. आणि केरसुणीऐवजी ओलं फडकं बरं. झाडल्यावर डोळ्यांना दिसणारी धूळ काही मिनिटांत खाली बसते, पण 1 मायक्रॉनच्या कणाला दीड मीटर उतरायला स्थिर हवेतही काही तास लागतात. फरशी लख्ख दिसत असते आणि तो अजून नाकाच्या उंचीवर असतो.