पाठ टाचणातला शेवटचा प्रश्न

बी.एड. किंवा डी.एड. झालेल्या कुणाहीसमोर 'पूर्वज्ञान' हा शब्द काढा. आधी हसू येईल, मग पाठ टाचणाची, म्हणजे धड्याच्या आखणीची, वही आठवेल. घटक, उपघटक, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य आणि मग तो रकाना. त्यात 'विद्यार्थ्यांना वनस्पतीचे अवयव माहीत आहेत' असं एक वाक्य लिहायचं. पुढे प्रस्तावनेचे चार-पाच प्रश्न. पहिले सोपे, बोटं वर करकरून उत्तरं येणारे. शेवटचा मात्र असा, की वर्ग गप्प बसला पाहिजे. तो गप्प बसला की हेतुकथन करायचं, 'तर आज आपण प्रकाशसंश्लेषण ही क्रिया अभ्यासणार आहोत', आणि फळ्याकडं वळायचं.

साताऱ्यात शिक्षक-प्रशिक्षणातला माझा सराव पाठ सुरू होता. 'वनस्पती आपलं अन्न कुठं तयार करतात?' या शेवटच्या प्रश्नाला मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, 'पानात. हरितद्रव्यामुळं.' माझं हेतुकथन घशातच राहिलं. पुढच्या पाठाच्या आधी मधल्या सुट्टीत मी मुलांना सांगून ठेवलं, की शेवटच्या प्रश्नाला कुणी बोट वर करायचं नाही. कुणी केलं नाही. गुण चांगले पडले.

वर्ग गप्प बसण्याच्या त्या क्षणाला एवढं मोल कुठून आलं आणि त्याचा असा देखावा कसा झाला, याची गोष्ट बरीच जुनी आहे.

पूर्वज्ञानाचा रकाना आला तो योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन विचारवंताकडून. नवी कल्पना मनात एकटी राहत नाही, आधी असलेल्या कल्पनांशी जोडली गेली तरच टिकते, असं त्याचं म्हणणं. १८०६ साली त्यानं शिक्षणशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. अध्यापनाच्या चार पायऱ्या त्याच्या. त्सिलर आणि राइन या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या, आणि 'हर्बार्टची पंचपदी' म्हणून त्या आपल्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांत घोकल्या जाऊ लागल्या. या मांडणीत पूर्वज्ञान म्हणजे भिंतीतली खुंटी, नवं ज्ञान तिला अडकवायचं. खुंटीच वाकडी असेल तर काय करायचं, हे पंचपदीत नाही.

प्लेटोच्या 'मेनो' या संवादात मात्र वाकड्या खुंटीपासूनच सुरुवात होते. सॉक्रेटिस मेनोच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि दोन फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ चार. आता याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी? मुलगा बिनधास्त सांगतो, बाजू दुप्पट, चार फूट. सॉक्रेटिस ते चूक आहे असं म्हणत नाही, आकृती काढून मोजायला लावतो. निघतात सोळा. मुलगा तीनवर येतो, निघतात नऊ. हवे होते आठ. तेव्हा मुलगा म्हणतो, मला खरंच माहीत नाही. सॉक्रेटिस मेनोकडं वळून विचारतो, याचं नुकसान झालं का? मघाशी याला माहीत नव्हतं तरी माहीत आहे असं वाटत होतं. आता निदान शोधायला तयार झाला. मग कर्णावर चौरस उभा राहतो आणि आठ मिळतात.

'समचतुरश्राच्या (चौरसाच्या) कर्णाची दोरी दुप्पट भूमी करते' हे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आहे, एका ओळीत. सूत्रकार उत्तर देऊन मोकळा होतो. प्लेटो दोन चुका आणि त्यांच्या मधली शांतता लिहून ठेवतो.

मुलगा गप्प झाला तो चार आणि तीन ही दोन उत्तरं पणाला लावून हरल्यावर. आमच्या सराव पाठातली मुलं गप्प बसायची ती प्रश्नच त्यांच्या आवाक्याबाहेरचा असायचा म्हणून, किंवा त्यांना तसं बजावलेलं असायचं म्हणून. दोन्हीकडं वर्ग शांतच, पण पंचपदीच्या वहीत या दोन शांततांमध्ये फरक करायला जागा नाही. सगळा घोळ इथं आहे असं माझं मत आहे.

आपल्याकडं हा फरक ठाऊक नव्हता असं नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमाराकडं जातो आणि म्हणतो, मला शिकवा. सनत्कुमाराचं पहिलं वाक्य असं, की तुला जे माहीत आहे ते घेऊन माझ्याकडं ये, त्याच्या पुढचं मी सांगेन. नारद यादीच वाचतो: चार वेद, इतिहास-पुराण, गणित, नक्षत्रविद्या, सर्पविद्या आणि आणखी कितीतरी. यादी संपता संपता तोच कबूल करतो, मी मंत्रविद् आहे, आत्मविद् नाही; मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही. सनत्कुमार म्हणतो, हे सगळं नाम आहे, नुसती नावं. नामापेक्षा मोठं काय? वाणी. वाणीपेक्षा? मन. प्रत्येक पायरीवर नारदच विचारतो, याहून मोठं काही आहे का? पूर्वज्ञान तपासण्याचा याहून प्रामाणिक रकाना मी पाहिलेला नाही.

शास्त्रांच्या शिकवण्यात हीच शिस्त पूर्वपक्षाच्या रूपानं आली. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनं मांडायचं, ते पटण्यासारखं करायचं आणि मगच ते कुठं अपुरं पडतं ते दाखवायचं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले, विनोबाही तिथं शांकरभाष्य शिकून गेले, ते याच रीतीत. पण ही शिस्त पंडितांच्या वादात राहिली. पाचवीतल्या पोराचा पूर्वपक्ष कुणी मांडून घेतला नाही.

तो मांडून घ्यायला विसावं शतक लागलं. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेनं मुलांच्या चुकीच्या उत्तरांनाच अभ्यासाचा विषय केलं आणि जुनी चौकट अपुरी पडल्यावर मनाचा तोल जातो, तो पुन्हा साधताना चौकट बदलते, अशी मांडणी केली. फ्रान्सचा तत्त्वज्ञ गास्तों बाशलारनं १९३८ साली त्याहून टोकाचं म्हटलं: माणूस नेहमी आधीच्या ज्ञानाच्या विरोधात जाऊनच जाणतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेलनं १९६८ मध्ये शिक्षकांना सांगितलं, की शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती शोधा आणि त्याप्रमाणं शिकवा. हे वाक्य आपल्याकडच्या नोट्समध्ये जसंच्या तसं उतरलं आणि त्याखाली रकाना तसाच राहिला.

१९८२ मध्ये पोस्नर, स्ट्राइक, ह्यूसन आणि गर्ट्झॉग या संशोधकांनी संकल्पना बदलण्याच्या चार अटी सांगितल्या. जुन्या कल्पनेबद्दल असमाधान हवं. नवी कल्पना समजण्यासारखी, पटण्यासारखी आणि पुढे उपयोगी पडणारी हवी. त्याच वर्षी जॉन क्लेमेंटनं दाखवलं, की वर उडवलेल्या नाण्यावर वर जाताना वरच्या दिशेनं बल असतं, असं चुकीचं उत्तर यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेले बरेच विद्यार्थीही देतात. चिंचा पाडायला दगड भिरकावणारं आपलं कुठलंही पोर हेच सांगेल, की हाताचा जोर दगडात शिल्लक असतो. १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवरची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिचे चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या समजुतींवरून घेतलेले होते. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी तशी चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली आणि गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांवर अडखळताना पाहून शिकवायची रीतच बदलली.

कराड भागातल्या एका शाळेत मी याचा एक देशी प्रयोग करून पाहिला. पोरं ऊस पिकवणाऱ्यांच्या घरची. विचारलं, 'ऊस कशाचा बनतो?' कुणी गप्प बसलं नाही. माती, खत, युरिया, पोटॅश! एकरी शंभर टनांचं स्वप्न इथं घरोघरी असतंच, म्हणून म्हटलं, चला, शंभर टन धरू. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एक घनमीटर माती साधारण १.३ टन. शंभर टन माती रानातून गेली तर रान किती खचेल? फळ्यावर उत्तर आलं, दरवर्षी जवळजवळ दोन सेंटिमीटर. वीस वर्षं ऊस घेतलेल्या रानात हातभर खड्डा पाहिजे. 'तुमच्या रानात आहे का?'

आता वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, 'सर, उसात पाणी असतंय.' बरोबर, उसाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास वजन पाण्याचंच. तरी तीस टन उरले. साखर आणि चिपाड. साखरेच्या रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. युरियातला नत्र नाही की पोटॅश नाही. हा कार्बन हवेतला, हे मी सांगितलं तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघायला लागली.

सतराव्या शतकातला फ्लेमिश रसायनज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट याच वाटेनं गेला होता. २०० पौंड कोरड्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावून त्यानं पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम दोन औंस घटली. १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. 'माती' हे उत्तर त्यानं कायमचं पाडलं आणि त्याच्या जागी बसवलं 'पाणी'. हवेचा वाटा कळायला इंगेनहाउझचे १७७९ चे प्रयोग आणि द सोस्यूरची १८०४ ची मोजमापं यावी लागली. जुनं पडलं की नवं आपोआप उभं राहतं, या भाबड्या समजुतीला हे झाड पुरेसं आहे.

चिन आणि ब्रूअर या संशोधकांनी १९९३ मध्ये विसंगत पुरावा समोर आल्यावर माणसं काय करतात याची यादी केली. दुर्लक्ष करतात, नाकारतात, 'नंतर बघू' म्हणतात, जुन्याच समजुतीत बसेल असा अर्थ लावतात. समजूत बदलणं ही सात वाटांपैकी फक्त एक. त्याच वर्षी स्मिथ, डिसेसा आणि रोशेल यांनी वेगळाच आक्षेप घेतला: मुलांच्या कल्पनांना चुका म्हणून पाडत सुटू नका, नवं ज्ञान त्यातूनच घडतं. मला हा आक्षेप पटतो. उसाला खत लागतं म्हणणारा बाप काही खोटं बोलत नाही. नत्राशिवाय पान हिरवं होणार नाही आणि पान हिरवं नसेल तर साखर कुठली? त्याचं ज्ञान खरं आहे, फक्त 'ऊस कशाचा बनतो' इथवर ते पोचत नाही. मुलांच्या भाषेबाबत तर पाडापाडीचा प्रश्नच येऊ नये. फलटणच्या बोलीवर पीएच.डी. करून तिथंच प्रगत शिक्षण संस्था उभारणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या कामामुळं हे या जिल्ह्याला तरी नवं नाही. 'व्हतं' म्हणणाऱ्या पोराच्या बोलीचं पूर्ण व्याकरण असतं.

शाळेबाहेर ही रीत साताऱ्यानं सर्वांत चांगली पाहिली ती डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांच्या चमत्कार सादरीकरणात. नारळावर पाणी शिंपडायचं, नारळ पेट घेतो. लोकांकडं उत्तर तयार असतं, करणी. ते बोलू द्यायचं. मग नारळाच्या शेंडीत लपवलेला सोडियमचा तुकडा दाखवायचा. आधी 'करणीबिरणी काही नसते' असं भाषण ठोकलं असतं तर लोक मान डोलावून घरी गेले असते. मात्र मोठ्या माणसांना चारचौघांत हे दाखवणं आणि मुलाला वर्गात दाखवणं यात फरक आहे. 'मेनो'तच अनिटस नावाचा एक गृहस्थ सॉक्रेटिसच्या प्रश्नांनी चिडून, त्याला सांभाळून बोल असं बजावतो. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवरच्या खटल्यात फिर्यादींपैकी एक अनिटस होता. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आपल्या शाळांत आला: मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हा विचार. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या (शिक्षण खात्याच्या शाळागटातल्या) शाळांनी तो वर्गात उतरवला. त्या पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. परत जाताना बऱ्याच जणांनी नेली ती तिथल्या वर्गांतली रंगवलेली फरशी, कारण फरशीचा फोटो काढता येतो. पोरगं चुकीचं उत्तर देतं तेव्हा बाईंनी किती वेळ थांबायचं, हे फोटोत येत नाही. हर्बार्टच्या पायऱ्यांचंही असंच झालं होतं.

१९९० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड आणि एमआयटीच्या काही ताज्या पदवीधरांच्या हातात एक बी आणि एक ओंडका देऊन कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं, हे वजन कुठून आलं? माती, पाणी अशीच उत्तरं आली. प्रकाशसंश्लेषण हा शब्द त्यांना माहीत होता.

माझ्या सराव पाठातल्या त्या मागच्या बाकावरच्या मुलालाही तो माहीत असावा. 'पानात, हरितद्रव्यामुळं' एवढं ऐकून मी त्याला खाली बसवलं. कशापासून तयार करतात, हे विचारायला हवं होतं.