प्लाझ्मा पडद्यावरील प्रतिमाछाप

प्लाझ्मा दूरचित्रवाणी संचावर एखादे स्थिर चित्र बराच वेळ राहिले, तर ते हटल्यानंतरही त्याचा पुसट ठसा दिसत राहतो. या दोषाला प्रतिमाछाप किंवा इमेज रिटेन्शन म्हणतात. वाहिनीचे कोपऱ्यातील बोधचिन्ह, बातम्यांची तळपट्टी, सामन्याचा गुणफलक आणि व्हिडिओ गेममधील न हलणाऱ्या खुणा ही त्याची नेहमीची कारणे होत. ‘स्क्रीन जळाली’ असे सरसकट म्हटले जाते. मात्र तात्पुरता ठसा आणि कायमची झीज, म्हणजे बर्न-इन, या दोन वेगळ्या गोष्टी असून कोणता उपाय लागू पडेल हे त्या भेदावरच ठरते.

प्लाझ्मा पटलाचा शोध १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी ‘प्लेटो’ या संगणकीय शिक्षणप्रणालीसाठी लावला. पुढे आलेल्या रंगीत पटलात दोन काचांच्या मध्ये असंख्य सूक्ष्म कोष असतात आणि त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण भरलेले असते. विद्युत् विसर्जनामुळे, म्हणजे वायूतून वीज वाहिल्यामुळे, झेनॉनमधून अतिनील किरण बाहेर पडतात आणि ते कोषाच्या आतील लाल, हिरव्या वा निळ्या फॉस्फरच्या लेपाला प्रकाशमान करतात. प्रत्येक कोष स्वतःचा प्रकाश स्वतः निर्माण करत असल्याने तो जितका वेळ आणि जितक्या तीव्रतेने उजळतो, तितका झिजतो. तात्पुरत्या ठशात फॉस्फर शाबूत असतो. सतत पेटलेल्या कोषांतील तापमान आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या संरक्षक थराची स्थिती शेजारच्या कोषांहून किंचित बदललेली असते, एवढेच. हलती चित्रे चालू ठेवल्यावर असा ठसा काही मिनिटांत किंवा तासांत विरतो.

बर्न-इनमध्ये मात्र फॉस्फरच मंदावलेला असतो. त्यामुळे वर्षभर पांढरे शुभ्र दिसणारे बोधचिन्ह करड्या पडद्यावर काळपट उमटते. ४:३ आकाराचे कार्यक्रम दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून वर्षानुवर्षे पाहिले असतील, तर पूर्ण पडदाभर चित्र लावताच नेमके तेच पट्टे मधल्या भागापेक्षा उजळ दिसतात, कारण तिथले कोष फारसे वापरलेच गेलेले नसतात. काही संचांत या पट्ट्यांना काळ्याऐवजी करडा रंग देण्याची सोय असते, ती याचसाठी. डोळ्यांना ती खटकते, पण झीज बऱ्याच अंशी सारखी राहते.

नव्या फॉस्फरची चकाकी सुरुवातीला झपाट्याने उतरते, म्हणून पहिले शंभर-दोनशे तास कॉन्ट्रास्ट मध्यम ठेवून पडदाभर हलते चित्र पाहण्याचा सल्ला दिला जात असे. दुकानात संच उठून दिसावा म्हणून केलेली चकाकी-कॉन्ट्रास्टची भडक सेटिंग घरी आणल्यावर तशीच ठेवणे, ही सर्वांत सहज टाळता येणारी चूक होय. पिक्सेल ऑर्बिटर ही सोय संपूर्ण चित्र अधूनमधून काही पिक्सेल सरकवते. तिच्यामुळे बारीक रेघा आणि अक्षरांच्या कडा वाचतात. जाड बोधचिन्हाचा मधला भाग मात्र सरकूनही स्वतःवरच पडतो, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये.

ठसा उमटल्यावर आधी एक-दोन दिवस संचावर विविध, पडदाभर आणि हलती चित्रे पाहावीत. तेवढ्याने भागले नाही, तर अनेक संचांत असलेली सरकत्या पांढऱ्या पट्टीची सोय वापरावी. संपूर्ण पडदा पांढरा केला, तर वीजवापर आटोक्यात ठेवण्यासाठी संच आपली चकाकी आपोआप उतरवतो; अरुंद पट्टीला ही मर्यादा तितकीशी जाचत नाही. खऱ्या बर्न-इनवर मात्र हा उपचार म्हणजे दुरुस्ती नव्हे. झिजलेला फॉस्फर पूर्ववत होत नाही. उरलेला पडदा त्याच्या पातळीला आणला जातो आणि त्याची किंमत एकूण चकाकीतून मोजावी लागते. म्हणूनच पट्टी रात्रभर चालू ठेवण्यापेक्षा थोडा-थोडा वेळ चालवून मध्ये तपासणे बरे.

सर्किट बोर्ड बदलून हा दोष जात नाही, कारण तो पटलातच असतो. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजीने २०१४ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन आवरते घेतल्याने पटल बदलण्याचा मार्गही जवळपास बंद झाला आहे. जुना संच घेताना त्यावर करडा, लाल, हिरवा आणि निळा असे एकरंगी पडदे एकामागून एक लावून पाहावेत. तिन्ही रंगांचे फॉस्फर सारखे झिजत नसल्यामुळे एका रंगात लपलेली छाप दुसऱ्या रंगात स्पष्ट दिसू शकते.