२५० ग्रॅमची सूट विमानतळावर चालत नाही

‘दुबईहून येताना छोटा ड्रोन आण, २५० ग्रॅमच्या आत असला की कुणी विचारत नाही’, हा सल्ला मुंबईत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार नॅनो ड्रोन (२५० ग्रॅमपर्यंतचे) उडवायला पायलट लायसन्स लागत नाही, एवढंच खरं. आयातीचा नियम वेगळा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठीच परवानगीने सूट मिळते. वजन कमी म्हणून सुटका नाही. मुंबईच्या सहार विमानतळावर उतरल्यावर ड्रोन कस्टम्सला जाहीर करावाच लागतो आणि तो जप्तही होऊ शकतो.

मोरोक्को, इजिप्तलाही परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नका. फिरायला निघालेल्यांना हे तिकीट काढतानाच कुणीतरी सांगायला हवं!